मधल्या रेघेपासून दोन बोटं

२० सप्टेंबर, शनिवार

ही डायरी ऑइलवाल्याने दिवाळीला दिली होती. दत्ताकाका तिच्यावर चहाचा कप ठेवायचे, म्हणून पुठ्ठ्यावर सगळीकडे गोल गोल डाग आहेत. आतून मात्र कोरी. आमच्या गोत्रीच्या गॅरेजात लिहिण्यासारखं घडतं कुठे? आज घडलं. आज रेडा आला.

म्हणजे गाडी. काळी, रुंद, परदेशातून आणलेली. पुढे पाच माणसांना सोफे, मागे उघडा हौदा. त्या हौद्यात आमच्या बाजव्याच्या घरचं स्वयंपाकघर बसेल आणि वर आईला ओरडायला जागा उरेल. मालक यशराजदादा, फतेगंजचे. त्यांचे पणजोबा राजवाड्याच्या कचेरीत मोठे अधिकारी होते म्हणे. स्वतःची मकरपुऱ्याला फॅक्टरी आहे.

"दत्ताकाका, हिला चार इंच उचलायची. दसऱ्याच्या आधी."

दत्ताकाकांनी गाडीला एक फेरी मारली. "एवढी थोराड तर आहे. अजून उचलून काय राजवाड्याच्या गच्चीवर लावायची?"

"ग्रुपमध्ये बधांनी, सगळ्यांनी लिफ्ट केली. माझीच बसलेली दिसते. आरटीओचं मी बघून घेईन, तुम्ही टेन्शन ना लो."

मग शर्वरीताई पुढे आली. ही दत्ताकाकांची भाची, इंजिनिअर. पुण्याची नोकरी सोडून वर्षापूर्वी इथे आली आणि मागच्या शेडमध्ये नव्या गाड्यांचे कॅमेरे सरळ करायचं मशीन लावून बसली. मी त्या शेडला डोळ्यांचा दवाखाना म्हणतो. ती हसत नाही.

ताई म्हणाली, "या गाडीला डोळे आहेत. काचेवर आरशाच्या मागे कॅमेरा, पुढे कंपनीच्या बिल्ल्याच्या मागे रडार. त्यांच्यावर ती पट्ट्यांच्या मधून स्वतः चालते, पुढचा थांबला की स्वतः ब्रेक मारते. चार इंच उचलली की नजर बदलते. चष्म्याचा नंबर नव्याने काढावा लागेल. आधी इथे मशीनवर, मग हायवेवर चाळीस किलोमीटर. दोन्ही झाल्याशिवाय माझी सही नाही."

"चालेल, चालेल," यशराजदादा म्हणाले. ते गाडीचा फोटो काढत होते.

मला राहवलं नाही. गंभीर तोंड करून मी म्हटलं, "दादा, हवेचं पण बघावं लागेल हां. गाडी उंच गेली की हवा पातळ होते. टायरमध्ये डोंगरावरची हवा भरावी लागते. पावागढवरून सिलिंडर मागवतो आपण. चार दिवस आधी नोंदवायला लागतं."

यशराजदादांनी फोन काढून फॅक्टरीतल्या माणसाला सांगितलं सुद्धा, "अरे, पावागढ कोई जाय छे?" तेव्हा दत्ताकाकांना हसू फुटलं आणि सगळं फुकट गेलं. यशराजदादाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

ताई मला नंतर म्हणाली, "एक दिवस तू खरं बोलशील आणि कुत्रंसुद्धा मान वळवून बघणार नाही."

मी म्हटलं, "ताई, खरं बोलायला माझ्याकडे आहे काय?"

२४ सप्टेंबर, बुधवार

उचलली. तीन दिवस लागले. पुढे नव्या उंच स्प्रिंगा आणि शॉकअप, मागे कमानीखाली ठोकळे. मागचं पूर्ण काम मी एकट्याने केलं. दत्ताकाकांनी बोट फिरवून प्रत्येक बोल्ट बघितला आणि काही बोलले नाहीत. दत्ताकाका काही बोलले नाहीत म्हणजे शाबासकी.

रेडा आता असा उभा आहे की मी शेजारी उभा राहिलो तर बॉनेट माझ्या हनुवटीला लागतं. शर्वरीताई म्हणाली, "नजर चांगली आहे रे तुझी. एका दमात चारी चाकं बरोबर बसवलीस. डोकं तेवढं वाकडं."

आईला सांगितलं. आई म्हणाली, "वाकडं म्हणाली ना? मग शहाणी मुलगी आहे." पप्पा रिफायनरीतून आले होते, त्यांनी विचारलं की ही गाडी स्वतः चालते तर मालक आत बसून काय करतो. मी म्हटलं, किंमत आठवत बसतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज डोळ्यांचा दवाखाना.

पद्धत अशी आहे. गाडी सपाट फरशीवर उभी करायची. पुढच्या बिल्ल्यावरून ओळंबा सोडायचा, फरशीवर टिंब काढायचं. मागच्या बिल्ल्यावरून ओळंबा, टिंब. दोन्ही टिंबांवरून गेरू लावलेली दोरी ताणून फटकन सोडायची, की फरशीवर लाल रेघ उठते. तीच रेघ गाडीच्या पुढे वाढवायची आणि तिच्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा बोर्ड उभा करायचा. कॅमेरा बोर्ड बघतो, मशीन त्याला सांगतं की हे समोर, हे सरळ. एवढं महाग मशीन, आणि सुरुवात गवंड्याच्या दोरीने! मला आवडलं ते.

पहिल्यांदा नापास. शटरमधून ऊन बोर्डावर येत होतं. पडदा लावला. दुसऱ्यांदा नापास. ताईने पाऊण तास शोधलं तेव्हा हौद्यात पान्यांची पेटी सापडली. वजनाने गाडी मागे झुकली होती. पेटी माझी.

तेव्हा दत्ताकाका होते, दोन गिऱ्हाइकं होती, बाहेर चहावाला होता. सगळ्यांसमोर ताई म्हणाली, "तन्मय, तू फक्त पाने धर. डोकं लावू नकोस. नाहीये ते."

चहावाला हसला. त्याचं हसू मला सगळ्यात जास्त लागलं.

ताई बाहेर फोनवर बोलायला गेली तेव्हा मी गाडीच्या मागचं टिंब ओल्या फडक्याने पुसलं आणि दोन बोटं डावीकडे नवीन काढलं. रेघ पण पुसून नवी उठवली. एवढी सरळ उठली की माझं मलाच कौतुक वाटलं. म्हटलं आता मशीन तिसऱ्यांदा नापास करेल, ताईसाहेब दुपारभर कपाळावर हात मारून शोधतील, आणि पाचला मी सांगणार, की डोकं नाहीये ना, म्हणून हाताने केलं.

ताई आली. बोर्ड नव्या रेघेवर उभा केला. मशीन लावलं. मी तोंड दाबून उभा.

पास.

ताईने टाळी वाजवली. खरंच, लहान मुलीसारखी. दत्ताकाकांना ओरडून सांगितलं. मग सेव-उसळ मागवली आणि स्वतःच्या पावातला अर्धा पाव माझ्या ताटात ठेवला. म्हणाली, "मघाशी जास्त बोलले. मनावर घेऊ नकोस."

आता अशा वेळी कोण सांगणार? मशीन पास म्हणालं म्हणजे पास. दोन बोटांनी काय होतंय एवढ्या रेड्याला. मशीनने बघितलंच असेल की, सांभाळून घेतलं असेल. शेवटी ते मशीन आहे, मी नाही.

उसळ तिखट होती. नीट खाल्ली नाही मी.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

ठरलं होतं असं की सकाळी सातला मी आणि ताई गाडी हायवेला काढून चाळीस किलोमीटरची टेस्ट करणार, अकराला पूजा. मी ठरवलं होतं की टेस्टमध्ये काही वाकडं निघालंच तर तिथेच सांगून टाकायचं, दोघंच असू.

पण यशराजदादा सातलाच हजर, गुरुजींना घेऊन. पूजा झाल्याशिवाय चाक शेडच्या बाहेर काढायचं नाही. दुपारी दोनच्या पुढे विजय मुहूर्त, तोवर गाडी जागची हलायची नाही. पूजेनंतर पहिली फेरी घरच्या देवीला. मग टेस्ट कधी?

"उद्या आणतो ना," यशराजदादा म्हणाले.

"उद्या नक्की?" ताई म्हणाली. "टेस्ट होईपर्यंत लेन असिस्ट, ते पट्ट्यांमधून स्वतः चालायचं बटण, लावायचं नाही. हाताने चालवायची."

"नक्की, नक्की."

दत्ताकाका ताईला बाजूला घेऊन म्हणाले, "सणाच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या तोंडावर नन्नाचा पाढा नको. सही कर." ताईने सही केली, पण खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: रस्त्यावरची टेस्ट बाकी. यशराजदादांनी कागद न वाचता घडी करून खिशात घातला.

पूजा जोरदार झाली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, जाळीला झेंडूची माळ. ताईने माळ रडारवरून सरकवली, गुरुजींनी परत मधे आणली, ताईने परत सरकवली. चारी चाकांखाली लिंबं. यशराजदादांची आई आली होती. बघतो तर निरुपमाबाई! आमच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायच्या, आठवीला आमच्या वर्गशिक्षिका.

"तन्मय ना तू? घंटेवाला?"

आठवीत मी शाळा सुटायची घंटा अर्धा तास आधी वाजवली होती आणि माकडाने वाजवली असं सांगितलं होतं. अर्धी शाळा घरी गेली होती.

"बाई, ते माकड अजून सापडलं नाही," मी म्हटलं आणि पाया पडलो. बाईंनी माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं. त्यांचा हात थरथरतो आता. त्यांना गाडीत चढायला स्टूल लागलं, एवढी उंच झालीये. मीच हात दिला.

लिंबं फुटली, गाडी गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

यशराजदादा गाडी घेऊन आले नाहीत. ताईने दोनदा फोन केला. उचलला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज त्यांचा फोन आला तेव्हा ताई शेडमध्ये होती. मी उचलला.

"तन्मय, भई, गाडी जबरदस्त. पण लेन असिस्ट लावलं की जराक डावीकडे ओढते."

त्या वेळी माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "नव्या स्प्रिंगा आहेत दादा. बसतील दोन-तीन दिवसांत."

कसं निघालं माहीत नाही. मेकॅनिकसारखं निघालं अगदी. मजेत फेकतो तेव्हा पोटात गुदगुल्या होतात, या वेळी काहीच झालं नाही. थंड वाटलं.

"मग ठीक. उद्या आईला घेऊन अमदावादला चाललोय, अवंतीकडे." अवंती म्हणजे त्यांची बहीण. "एक्सप्रेस वेवर मजा येईल."

ताईने विचारलं, कोणाचा फोन? मी म्हटलं, राँग नंबर.

मग जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, समज ती लाल रेघच थोडी हललेली असली, तर मशीन पकडतं ना?"

"मशीन कसं पकडणार? त्याला सरळ म्हणजे काय ते आपणच सांगतो. आपण वाकडं दाखवलं तर ते वाकड्याला सरळ समजतं. आणि मग जन्मभर प्रामाणिकपणे वाकडंच चालतं."

"पण दोन बोटं हललेली असली तर? दोन बोटांनी काय होतं?"

"इथे दोन बोटं. शंभर मीटर पुढे हातभर. एक्सप्रेस वेला हातभर म्हणजे बाजूचा ट्रक." तिने माझ्याकडे बघितलं. "का रे?"

"असंच. शिकतोय."

ती खूश झाली. कागदावर आकृती काढून दाखवायला लागली. मी मान हलवत राहिलो. आकृतीत मागचं टिंब होतं, तिने त्याला छान गोल केला.

ठरवलंय. उद्या सकाळी फतेगंजला जायचं आणि यशराजदादांना तोंडावर सांगायचं. फोनवर नाही. फोनवर त्यांना वाटेल मस्करी करतोय. आत्ता ताईला सांगितलं तर ती आत्ताच फोन करेल हे मला कळतंय. पण ती माझ्याकडे जशी बघेल ना, ते आज नको.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी ९.५०, एक्सप्रेस वेचा टोल नाका. बाजूच्या कठड्यावर बसून लिहितोय. हात स्थिर राहावेत म्हणून लिहितोय.

साडेआठला फतेगंजला पोचलो. फाटकाला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं, "मा-दीकरो बन्ने अमदावाद गया. हमणां ज." आई-मुलगा दोघंही, आत्ताच.

यशराजदादांना फोन लावला. त्यांनी उचलला, मागे गाणं चाललं होतं.

"बोल तन्मय! आज कुठली हवा भरायची?"

"दादा, लेन असिस्ट बंद करा. आत्ता. गाडीचा कॅमेरा वाकडा बसलाय."

"कोणी वाकडा केला, माकडाने? आईने सांगितली मला ती गोष्ट." हसले. "तूच काल म्हणालास, स्प्रिंगा बसतील."

"ते मी खोटं बोललो."

"आणि आज खरं बोलतोस? बहु डाह्यो ना था, तन्मय. आवजो." जास्त शहाणा बनू नकोस म्हणे, आणि फोन कट.

परत लावला. उचलला नाही. परत लावला, बंद.

स्कूटर दुमाडकडे, एक्सप्रेस वेच्या तोंडाकडे मारली, कशी मारली ते आठवत नाही. नाक्यावर पट्टेवाल्याने काठी आडवी धरली. टू-व्हीलर बंद. मी म्हटलं, भाई, पुढे एक माणूस मरेल. तो म्हणाला, आत गेलास तर तू मरशील, पाछो वळ. काळी मोठी गाडी बघितली का विचारलं. "पेली हाथी जेवी? वीस मिनिट थयां."

वीस मिनिटं. तिचं पाणी बघितलंय मी. वीस मिनिटांत तीस-पस्तीस किलोमीटर.

मग ताईला फोन केला. सगळं सांगितलं. टिंब, फडकं, रेघ, काल आलेला फोन, स्प्रिंगा. मला वाटलं फोन कट झाला.

"ताई?"

"जॉब कार्डाचा फोटो आहे माझ्याकडे. त्यावर दुसरा नंबर त्यांच्या आईचा आहे. पाठवते. त्यांना फोन लाव."

"तू लाव ना. तुझं ऐकतील."

"मी बघितलंय कुठे तू काय केलंस ते? त्यांनी विचारलं तर मी काय सांगू? जे केलंस ते तुला माहिती. तूच लाव. तन्मय, लवकर."

नंबर आला. लावला. पाच रिंग वाजल्या.

"हॅलो?"

"बाई, मी तन्मय. घंटेवाला. बाई, गाडी, दादांना सांगा, ते लेन, म्हणजे स्टीअरिंग हातात, बाई, मी..."

"हळू बोल. काय झालं?"

मागून यशराजदादांचा आवाज आला, "आई, कोण? तोच का? ठेव तो फोन, चक्रम आहे."

"शपथ सांगतो बाई, आईची शपथ."

"शपथ नको. काय केलंस ते सांग. पहिल्यापासून."

मी सांगायला लागलो आणि मला येईचना. मी, जो उभ्या उभ्या दहा गोष्टी रचतो! मागचं टिंब पुसलं, एवढं म्हटलं आणि अडलो. मग दोन बोटं म्हटलं. मग डावीकडे म्हटलं. मग ताई मला सगळ्यांसमोर बोलली ते म्हटलं. ते कशाला म्हटलं माहीत नाही. त्याचा काही संबंध नव्हता.

बाई म्हणाल्या, "माकडाच्या वेळी तू मला शेपटी किती लांब होती तेही सांगितलं होतंस." आणि फोन तोंडापासून लांब नेऊन, वर्गात म्हणायच्या त्याच आवाजात, "यशराज, दोन्ही हात चाकावर."

"आई, काय पण! जो, बघ किती सरळ..."

"हात चाकावर ठेव म्हटलं ना!"

मग हॉर्न. लांब, कोणाचा माहीत नाही. टायरचा आवाज, फाटल्यासारखा. काहीतरी आपटलं, बहुतेक फोन. बाईंचा आवाज नाही. गाणं तसंच चालू. मग ते पण बंद.

ही ओळ लिहितोय तेव्हा १०.०५ झालेत. दोन्ही नंबर लागत नाहीत.

१०.१५. ताईचा फोन आला, कळलं का म्हणून. नाही म्हटलं. ती म्हणाली, मी निघाले, तिथेच थांब.

१०.२०. पट्टेवाल्याने पाणी दिलं. त्याने विचारलं, कोण आहे त्या गाडीत तुझं? मी म्हटलं, कोणी नाही. आमच्या बाई आहेत.

१०.२५. सायरन वाजवत एक ॲम्ब्युलन्स गेली आत. मी तिच्या मागे पळालो. मूर्खासारखा पळालो. पट्टेवाल्याने कॉलर धरून आणलं.

१०.४०. फोन. यशराजदादा. त्यांचा आवाज ओळखूच आला नाही, एवढा बारीक.

"ठीक आहे. आई ठीक आहे. आम्ही ठीक आहे."

कडेला एक टेम्पो पंक्चर होऊन उभा होता, अर्धा पट्टी ओलांडून रस्त्यात. रेडा सरळ त्याच्याकडे जात होता आणि ब्रेक मारत नव्हता. गाडीच्या हिशोबाने टेम्पो तिच्या वाटेत नव्हताच. हात चाकावर होते म्हणून वळली. डाव्या बाजूचा आरसा टेम्पोने नेला. टेम्पोच्या पलीकडे एक माणूस खाली बसून चाक बदलत होता.

"माणूस," यशराजदादा म्हणाले. "मी त्याला नंतर बघितला." आणि फोन ठेवला.

मी कठड्यावर बसलो तेव्हा ताई आली. तिला सांगितलं. ती माझ्या शेजारी बसली, मधे दोन माणसांची जागा सोडून. मला रडू आलं तेव्हा तिने तोंड दुसरीकडे केलं. मला वाटतं माझी किळस आली असेल. पण ती तासभर उठली नाही तिथून.

६ ऑक्टोबर, सोमवार

गाडी क्रेनवाल्याने आणली. डावा आरसा नाही, पत्र्याला दरवाजापासून हौद्यापर्यंत ओरखडा.

दत्ताकाकांनी शटर अर्धं खाली घेतलं आणि आम्हाला समोर उभं केलं. "कागदावर लिहिलंय, रस्त्यावरची टेस्ट बाकी. लेन असिस्ट लावू नका हेही सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. आपण मोकळे. तन्मय, तू काही केलेलं नाहीस. कळलं?"

"मी बाईंना सगळं सांगितलंय."

"म्हाताऱ्या बाईला भर हायवेवर काय ऐकू येतंय?"

"सगळं ऐकू आलं त्यांना काका. म्हणून तर त्या आहेत."

दत्ताकाका स्टुलावर बसले. एवढं म्हातारं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "माझ्या आजोबांनी राजवाड्यात सरकारच्या मोटारखान्यात तीस वर्षं काम केलं. त्यांच्या हातून गेलेली गाडी कधी परत आली नाही." मग बराच वेळ काही नाही. या वेळच्या गप्प बसण्यात शाबासकी नव्हती.

ताई मागे गेली आणि फरशीवर बसून फिकी झालेली लाल रेघ मापत राहिली. मी जवळ गेलो. तिने वर बघितलं नाही.

"रेघ हलवलीस ते एका मिनिटाचं काम. रागात होतं, ते मला समजतं. नंतर पाच दिवस काय करत होतास?"

काल-परवापर्यंत माझ्याकडे कुठल्याही प्रश्नाला तीन उत्तरं असायची.

"आणि मी?" ती म्हणाली. पण ते मला नव्हतं म्हटलेलं. "पास आलं म्हणून टाळ्या वाजवल्या मी. परत ओळंबा सोडून बघितला नाही."

मी म्हटलं, "तुझी चूक नाही ताई."

"गप्प बस," ती म्हणाली. "ओळंबा आण."

७ ऑक्टोबर, मंगळवार

नवा आरसा बसवला. पुढचं मागचं टिंब मी काढलं, ताईने तपासलं. तिने काढलं, मी तपासलं. दत्ताकाकांनी चष्मा लावून तिसऱ्यांदा. पास आलं तेव्हा ताईने टाळी वाजवली नाही.

मला कामावरून काढलंय की नाही ते कळलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. दत्ताकाकांनी सकाळी फक्त पाने फेकले माझ्याकडे. घरी अजून सांगितलं नाही. आईने ताटाकडे बघून विचारलं, कोणी मुलगी आहे का? मी हो म्हटलं. बघा, हे परत आपोआप निघालं. मग परत तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. पप्पांनी टीव्ही बंद केला.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी यशराजदादा आले, बाईंना घेऊन. बाईंच्या कपाळाला पट्टी. मला वाटलं दादा मारतील. मी हात मागे बांधून उभा राहिलो, मारायला सोपं जावं म्हणून.

त्यांनी मारलं नाही. माझ्याकडे बघितलंच नाही. ताईला म्हणाले, "टेस्ट बाकी आहे ना? चला. मी चालवतो."

"नियमाने मी चालवायला हवी," ताई म्हणाली.

"गाडीत मी बसणार आहे, माझी आई बसणार आहे. बीक मला बसलीये, भीती. माझीच जायला हवी."

बाई म्हणाल्या, "तन्मयला पुढे बसव."

"आई!"

"रेघ त्याने काढलीये. पुढेच बसव."

बसलो. बाई मागे, ताई त्यांच्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. निघताना दत्ताकाका फाटकापर्यंत आले. दुमाडवरून एक्सप्रेस वेला लागलो. तोच पट्टेवाला होता, त्याने मला वर रेड्यात बसलेलं बघितलं आणि त्याच्या हातातली पावती हातातच राहिली.

ऐंशी. नव्वद. शंभर. गाणं नव्हतं. यशराजदादांची दोन्ही हातांची बोटं चाकावर पांढरी झाली होती. ताई मागून म्हणाली, "लेन असिस्ट लावा. हात ठेवून." त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर दोन हिरव्या रेघा आल्या.

"आता हात उचलून बघायला लागेल," ताई म्हणाली. "पाच सेकंद. तुम्ही तयार असाल तेव्हा."

यशराजदादांनी हात उचलले नाहीत. एक किलोमीटर गेला, दुसरा गेला. त्यांच्या कानशिलावरून घाम खाली आला. मग समोरच बघत म्हणाले, "तन्मय, तू सांग. तू म्हणशील तेव्हा सोडतो."

माझ्या बोलण्यावर आजपर्यंत कोणी पाण्याचा ग्लास पण उचलला नसेल. लोक आधी ग्लासात बघतात.

मी पट्ट्या बघत राहिलो. डावी, उजवी. पुढचं चाक आणि डावी पट्टी यांच्यात किती अंतर आहे ते बोटांनी काचेवर मापलं. परत मापलं. एक ट्रक गेला, एक एसटी गेली. कडेला लांबवर कोणीतरी उभं होतं, ते मागे जाईपर्यंत थांबलो. मस्करीचा एक शब्द डोक्यात आला नाही, शोधला तरी. मागून बाईंचा श्वास ऐकू येत होता. ताईने घाई केली नाही.

परत मापलं.

अकरा किलोमीटर गेल्यावर मी म्हटलं, "सोडा."

त्यांनी सोडले.